लिहायचा राहून गेलेला बोस्टनचा वृत्तांत

मूळ धागा

या विभागात सदस्य आपापल्या मॅरेथॉनचे वृत्तांत लिहितात आणि मी ते पहिल्यापासून आवडीने वाचत आले आहे. माझेही सात-आठ वृत्तांत येथे सापडतील. मात्र ज्या शर्यतीसाठी मी सर्वांत जास्त वर्षे झटले, तिच्याबद्दल मी येथे एक ओळही लिहिलेली नाही. मागच्या आठवड्यात एका सदस्याने पात्रता मिळाल्याचे कळवून "बोस्टन धावलेले येथे कोणी आहे का?" असे विचारले, तेव्हा मी दोन परिच्छेदांचे उत्तर लिहिले आणि पाठवण्याआधीच पुसून टाकले. मी १५ एप्रिल २०१३ रोजी, म्हणजे अंतिम रेषेजवळ बॉम्बस्फोट झाले त्याच दिवशी, बोस्टन धावले. हे एक वाक्य लिहिले की पुढे धावण्याविषयी काही लिहिणे मला अशोभनीय वाटू लागते, आणि इतकी वर्षे तसेच होत आले. आज पूर्ण लिहिते.

जे धावत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडे सांगायला हवे. बोस्टन मॅरेथॉन १८९७ पासून होते आणि दरवर्षी भरणाऱ्या मॅरेथॉनमध्ये ती जगातली सर्वांत जुनी मानली जाते. तेथे बहुतेकांना केवळ पैसे भरून नाव नोंदवता येत नाही. वय आणि लिंग यांनुसार ठरवलेल्या वेळेच्या आत दुसरी एखादी प्रमाणित मॅरेथॉन आधी पूर्ण करावी लागते. २०१३ च्या शर्यतीसाठी हे निकष पाच मिनिटांनी कडक झाले होते. चाळीस ते चव्वेचाळीस वयाच्या स्त्रियांना ३ तास ४५ मिनिटांच्या आत यावे लागत होते. मी दोनदा हुकले आणि तिसऱ्या प्रयत्नात, ऑक्टोबर २०११ मध्ये शिकागोला, ३ तास ४२ मिनिटांत पोहोचले. ज्या स्पर्धेत १९७२ पर्यंत स्त्रियांना अधिकृत प्रवेशच नव्हता, तिच्या स्वीकृतीच्या पत्रात माझे नाव पाहताना मला जे वाटले ते मी आईला दूरध्वनीवर नीट सांगूही शकले नव्हते. साताऱ्यात वाढलेल्या, शाळेत खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला बसणाऱ्या मुलीची ती गोष्ट होती. न्यू जर्सीतल्या दोन हिवाळ्यांत पहाटे साडेचारला उठून, बर्फ बाजूला सारलेल्या रस्त्यांवर मी तिची तयारी केली होती.

शर्यत एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, पेट्रियट्स डेला असते. १७७५ मधील लेक्सिंग्टन आणि काँकर्डच्या लढायांच्या स्मरणार्थ मॅसॅच्युसेट्समध्ये त्या दिवशी सुट्टी असते, त्यामुळे आठ गावे-शहरांमधून जाणाऱ्या या मार्गावर दोन्ही बाजूंना कुटुंबेच्या कुटुंबे उभी राहतात. पहाटे पिवळ्या शाळेच्या बसगाड्या धावकांना हॉपकिंटन या छोट्या गावी नेऊन सोडतात आणि तेथून पूर्वेकडे धावत शहरात परतायचे असते. आदल्या वर्षी शर्यतीच्या दिवशी पारा ३० अंशांवर गेला होता. आमच्या वाट्याला मात्र थंड, कोरडी आणि स्वच्छ सकाळ आली. धावण्यासाठी यापेक्षा चांगली हवा मागता आली नसती.

त्या सकाळची एक गोष्ट नंतर फार थोड्यांच्या लक्षात राहिली. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधील न्यूटाउन येथील प्राथमिक शाळेत झालेल्या गोळीबारात २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली होती. मॅरेथॉन २६ मैलांची आणि बळीही २६, म्हणून शर्यत सुरू होण्यापूर्वी २६ सेकंद मौन पाळले गेले आणि सव्विसावा मैल त्यांना अर्पण करण्यात आला. म्हणजे आम्ही एका शोकाला नमस्कार करूनच निघालो होतो.

माझा गट सकाळी १० वाजून २० मिनिटांच्या तुकडीत शेवटी होता, त्यामुळे प्रत्यक्ष रेषा ओलांडायला १० वाजून २८ मिनिटे झाली. सुरुवातीचा मार्ग उताराचा आहे. नवखा धावक तेथे फसतो, कारण पाय आपोआप पळतात आणि मांड्यांचे स्नायू नकळत झिजतात. त्याची किंमत वीस मैलांनंतर मोजावी लागते. हे सर्व वाचून गेलेली मीसुद्धा फसले. ॲशलंडपासून फ्रेमिंगहॅमपर्यंत लहान मुले हात पुढे करून उभी होती आणि मी एकाही हाताला टाळी द्यायची राहू दिली नाही. निम्मे अंतर होण्याच्या सुमारास वेलस्ली महाविद्यालयातील मुलींचा आवाज येतो. त्या दिसण्याआधी बराच वेळ तो ऐकू येतो आणि आपण त्यातून जाताना अक्षरशः अंगावर काटा येतो. न्यूटनमधील चढ सोळाव्या मैलानंतर सुरू होतात आणि चौथा, हार्टब्रेक हिल, विसाव्या मैलानंतर लागतो. यवतेश्वरच्या घाटापुढे तो चढ काहीच नाही, जेमतेम २७ मीटर. पण ३२ किलोमीटर धावून झाल्यावर तो घाटासारखाच उभा राहतो. तेथे मी चालले. ३ तास ४५ मिनिटांचे माझे गणित तेथेच सुटले आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही, कारण चढ संपल्यावर बोस्टन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आमचे असे स्वागत केले की जणू आम्ही त्यांच्याच घरचे होतो.

केनमोर चौकातील सिट्गो कंपनीची प्रचंड पाटी म्हणजे शेवटचा मैल. पुढे हेरफर्ड रस्त्यावर उजवीकडे, लगेच बॉयल्स्टन रस्त्यावर डावीकडे, आणि समोर निळ्या-पिवळ्या रंगाची अंतिम रेषा. माझा नवरा आणि अकरा वर्षांची मुलगी रेषेच्या थोडे अलीकडे, डाव्या हाताच्या पदपथावर कठड्याला टेकून उभे होते. मुलीने मला आधी पाहिले. मी ३ तास ५६ मिनिटांत रेषा ओलांडली तेव्हा घड्याळात २ वाजून २४ मिनिटे झाली होती. एका वयस्कर स्वयंसेविकेने गळ्यात पदक घातले आणि "तू कुठून आलीस?" असे विचारले. मी न्यू जर्सी न म्हणता सातारा म्हणाले. तिला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरी तिने तो शब्द माझ्यामागून नीट उच्चारून पाहिला.

रेषेपासून पुढे पाणी, अंगाची ऊब टिकवणारे चंदेरी आवरण, सामानाच्या बस असे करत करत आडनावांच्या आद्याक्षरांच्या पाट्यांपाशी जायचे होते. नवरा आणि मुलगी आपली जागा सोडून तेथे चालत आले होते. मी पदपथावर बसून बूट काढत असताना, २ वाजून ४९ मिनिटांनी, पहिला आवाज झाला. सुट्टीच्या दिवसाची तोफेची सलामी असावी असे मला वाटले. बारा-तेरा सेकंदांनी दुसरा आवाज झाला आणि त्यानंतर तसे कोणालाच वाटले नाही.

पहिला स्फोट ज्या पदपथावर झाला, त्याच पदपथावर पंचवीस मिनिटांपूर्वी माझी मुलगी उभी होती. प्रेशर कुकरमध्ये भरलेल्या स्फोटकांनी तीन जणांचा जीव घेतला. त्यांत आठ वर्षांचा एक मुलगा होता. तोही आपल्या कुटुंबासह धावक पाहायला आला होता. अडीचशेहून अधिक जखमी झाले आणि कित्येकांचे पाय गेले.

आम्ही तिघे माणसांच्या लोंढ्याबरोबर चालत राहिलो आणि पूल ओलांडून नदीपलीकडे, केंब्रिजमधील आमच्या मुक्कामी पोहोचलो. दूरध्वनी लागत नव्हते, संदेश मात्र अधूनमधून जात होते. साताऱ्यात मध्यरात्र उलटून गेली होती. भावाने दूरदर्शनवर बातमी पाहून आईला उठवावे की नाही या विचारात तासभर काढला आणि आमचा संदेश पोहोचल्यावरच तिला उठवले.

पदक त्या रात्री मी मोज्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवले. लोक विचारत, "तू त्या दिवशी तेथे होतीस?" आणि मी "हो, आम्ही सुखरूप आहोत" एवढेच सांगे. कशी झाली शर्यत, असे कोणी विचारले नाही, आणि कोणी विचारू नये असेच मला वाटे. तरीही ते ४२ किलोमीटर घडले होते. ती मुले, त्या मुली, तो चढ आणि तो वयस्कर आवाज हे सगळे स्फोटाच्या आधीचे असले तरी खोटे झालेले नाही, आणि ते कोणाला तरी सांगावे अशी इच्छा मला इतकी वर्षे लाजिरवाणी वाटत आली. तुमच्यापैकी कोणाला असा अनुभव आहे का, आणि असल्यास तुम्ही तो कसा सांगितला, हे मला जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १ (मुंबई)

ताई, आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत. मी जानेवारी २००९ मध्ये मुंबई मॅरेथॉन धावलो. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते. छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या समोर उभे असताना आत फलाटांवर काय घडले होते याचा विचार कोणाच्याही मनातून जात नव्हता, आणि मरीन ड्राइव्हवर ओबेरॉय-ट्रायडंटजवळ आल्यावर आमच्या आजूबाजूचे बोलणे आपोआप थांबले. पण आमची आणि आपली स्थिती वेगळी होती, हे मी मान्य करतो. आम्ही शोक माहीत असताना धावायला उतरलो होतो आणि धावणे हाच आमचा शोक व्यक्त करण्याचा मार्ग होता. आपला आनंद आधी पूर्ण झाला आणि मग त्याच्यावर हे कोसळले. आपल्याला निवड करायला कोणी वेळच दिला नाही.

प्रतिसाद २ (पुणे)

मी शल्यचिकित्सक आहे आणि धावतही नाही, तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्या दिवशी रुग्णालयात जिवंत पोहोचलेल्यांपैकी एकही व्यक्ती दगावली नाही, ही आमच्या क्षेत्रात आजही अभ्यासली जाणारी बाब आहे. कारणे अनेक आहेत. अंतिम रेषेपासून जवळच मोठा वैद्यकीय तंबू होता. त्यातले डॉक्टर आणि परिचारिका पाणी कमी झालेल्या, पायांत गोळे आलेल्या धावकांसाठी सज्ज होत्या आणि काही मिनिटांत त्यांच्यासमोर तुटलेले पाय आले. गंभीर अपघातांवर उपचार करणारी अनेक मोठी रुग्णालये काही किलोमीटरच्या आत होती आणि जखमींना त्यांच्यात वाटून नेण्यात आले. दुपारी तीनच्या सुमारास पाळी बदलत असल्यामुळे दोन्ही पाळ्यांचे लोक हजर होते. आणि सर्वांत महत्त्वाचे, सामान्य माणसांनी कमरेचे पट्टे आणि कपडे आवळून रक्तस्राव थांबवला. मांडीची मुख्य रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांतच माणूस जातो. तेथे रुग्णवाहिकेची वाट पाहता येत नाही. शर्यतीसाठी उभी केलेली व्यवस्था नसती तर मृतांचा आकडा मोठा झाला असता. ताई, आपल्याला पाणी आणि चंदेरी आवरण देणाऱ्या माणसांचे सहकारीच पंचवीस मिनिटांनंतर त्या पदपथावर गुडघे टेकून बसले होते.

प्रतिसाद ३ (नाशिक)

माझे मत वेगळे आहे आणि ते कटू वाटल्यास क्षमा असावी. आठ वर्षांचा मुलगा गेला त्या दिवसाविषयी बोलताना आपली वेळ, आपला चढ आणि आपले पदक यांना जागा असू नये असे मला वाटते. आपण इतकी वर्षे मौन पाळले, ते मला योग्य वाटते. काही आनंद मनातच राहिलेले बरे.

धागालेखिका

नाशिकच्या सदस्यांचे म्हणणे मला कटू वाटले नाही, कारण मी स्वतःला हेच सांगत आले. पण माझी मुलगी आता त्या मुलाहून कितीतरी मोठी झाली आहे, आणि तिने एकदा मला विचारले की त्या दिवसाचे आपल्या घरात कोणी नावही का काढत नाही. तिला त्या दिवसाची पहिली आठवण स्फोटाची नाही. बिस्किटे संपल्यामुळे शेजारच्या अनोळखी कुटुंबाने तिला संत्र्याच्या फोडी दिल्या आणि मी दिसताच तिच्याबरोबर तेही ओरडले, ही तिची आठवण आहे. त्या कुटुंबाचे पुढे काय झाले हे आम्हाला कधीच कळले नाही. मी शर्यतीविषयी बोलत नव्हते, त्यामुळे तिला त्या माणसांविषयीही बोलता येत नव्हते. मी गप्प राहिल्याने गेलेल्यांचा मान राखला गेला असे मी समजत होते, आणि प्रत्यक्षात त्या पदपथावरचे सगळेच लोक, जिवंत आणि मृत, आमच्या घरात मुके झाले होते.

पुण्याच्या डॉक्टरांचे विशेष आभार. पाळी बदलण्याची गोष्ट मला माहीत नव्हती.

प्रतिसाद ४ (एडिसन, न्यू जर्सी)

मूळ लेखिकेने ज्या मैत्रिणीचा उल्लेख टाळला, ती मी. तिने मला विचारले होते आणि मीच "माझे मी लिहीन" असे सांगितले होते.

माझी पात्रता वेळ नव्हती. मी एका सेवाभावी कामासाठी निधी जमवून प्रवेश मिळवला होता आणि माझी तुकडी १० वाजून ४० मिनिटांची होती. केनमोर चौक ओलांडून कॉमनवेल्थ अव्हेन्यूवर मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूच्या खालच्या रस्त्याजवळ आले तेव्हा पुढे माणसांची भिंत उभी होती. सुमारे एक किलोमीटर उरला होता. आम्ही साडेपाच हजारांहून अधिक धावक असे मार्गावरच अडकलो. सुरुवातीला कोणालाच काही कळेना आणि काही जण चिडून भांडू लागले. मीही चिडले होते, हे मला सांगितलेच पाहिजे. मग कोणाच्या तरी दूरध्वनीवर संदेश आला आणि ती गर्दी एकदम शांत झाली. आमच्यापैकी कित्येकांची माणसे नेमकी त्या रेषेजवळ उभी होती.

घाम थंड होऊ लागला आणि मी थरथरू लागले. समोरच्या इमारतीतून एक बाई आपले कोट आणि चादरी घेऊन खाली आल्या, घरातल्या कचऱ्याच्या मोठ्या पिशव्यांना भोके पाडून त्यांनी आम्हाला अंगात घालायला दिल्या आणि आपला दूरध्वनी सगळ्यांमध्ये फिरवला. दुसऱ्या दिवशी सामानाची पिशवी घ्यायला गेले तेव्हा तेथील मुलीने पदक पुढे केले. मी धावून संपवली नाही म्हणून ते नाकारले. तिने आग्रह केला नाही, फक्त माझा हात काही वेळ धरून ठेवला.

निम्मे अंतर पार केलेल्या पण अडवल्या गेलेल्या सर्वांना आयोजकांनी २०१४ मध्ये पुन्हा बोलावले. २१ एप्रिल २०१४ रोजी सुमारे ३६ हजारांच्या गर्दीत मी पुन्हा हॉपकिंटनहून निघाले. त्याच दिवशी मेब केफ्लेझिगी यांनी २ तास ८ मिनिटे ३७ सेकंदांत शर्यत जिंकली. १९८३ नंतर पुरुषांमध्ये प्रथमच अमेरिकी धावक विजयी झाला होता आणि त्यांनी आपल्या क्रमांकाच्या कागदाच्या कोपऱ्यांवर मृतांची नावे लिहिली होती. मला हे सगळे नंतर कळले, कारण मी त्यांच्यापेक्षा बरेच तास मागे होते. ज्या जागी मला थांबवले होते तेथे पोहोचल्यावर मी स्वतःहून थांबले. समोरच्या इमारतीच्या खिडक्या पाहिल्या. मग तो उरलेला एक किलोमीटर धावले. बॉयल्स्टन रस्त्यावर वळले तेव्हा कठड्याजवळ ही, मूळ लेखिका, आपल्या मुलीसह त्याच पदपथावर उभी होती. तेथे उभे राहायला तिला काय पडले असेल हे मला ठाऊक आहे.

प्रतिसाद ५ (नागपूर)

दोघींनाही नमस्कार. एक प्रश्न या निमित्ताने सर्वांनाच विचारावासा वाटतो. २०१२ मध्ये सँडी चक्रीवादळानंतर न्यूयॉर्कची मॅरेथॉन दोन दिवस आधी रद्द झाली, कारण शहराचे काही भाग अंधारात असताना पाणी आणि विद्युतजनित्रे शर्यतीसाठी वापरणे लोकांना सहन होईना. त्याच शहरात २००१ मध्ये ११ सप्टेंबरनंतर आठ आठवड्यांनी शर्यत झाली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. शर्यत कधी आधार देते आणि कधी जखमेवर मीठ ठरते, हे कशावरून ओळखावे?

प्रतिसाद ६ (मुंबई)

नागपूरच्या सदस्यांना माझ्या अल्प अनुभवावरून उत्तर देतो. ज्यांच्यावर आपत्ती आली आहे त्यांच्या हातातले काही शर्यत काढून घेत असेल तर ती थांबली पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली तसे होत होते. २००९ मध्ये मुंबईत आम्ही कोणाचे काही घेत नव्हतो. उलट रस्त्याकडेला उभे राहिलेले लोक आम्हाला पाहायला बाहेर पडले, हेच त्यांना हवे होते. मला वाटते की रस्त्यावरच्या लोकांकडे पाहिले तर उत्तर मिळते. आयोजकांच्या पत्रकात ते सापडणार नाही.

प्रतिसाद ७ (नाशिक)

सर्व प्रतिसाद दोनदा वाचले. ताई, संत्र्याच्या फोडींविषयी आपण लिहिले नसते तर मी माझ्या मतावर ठाम राहिलो असतो. आपल्या मुलीला सांगा की ते कुटुंब आता आम्हालाही माहीत झाले आहे.

प्रतिसाद ८ (ठाणे)

मागच्या आठवड्यात प्रश्न विचारणारा सदस्य मीच. येत्या एप्रिलमध्ये मी बोस्टनला जात आहे आणि हा धागा वाचून थोडा गोंधळलो आहे. त्या जागी मला काही काळ थांबायचे आहे, पण शर्यतीत ते कसे साधावे हे कळत नाही. उताराविषयीही आणखी सांगाल का?

धागालेखिका

शर्यतीच्या दिवशी तेथे कठडे आणि प्रचंड गर्दी असते, त्यामुळे आदल्या दिवशी, रविवारी सकाळी लवकर बॉयल्स्टन रस्त्यावर जावे. अंतिम रेषा रस्त्यावर रंगवलेली असते, ती चुकणार नाही. सार्वजनिक ग्रंथालयाच्या समोरच्या पदपथावर, जेथे पहिला स्फोट झाला तेथे, आणि तेथून सुमारे दोनशे मीटर मागे दुसऱ्या जागी, २०१९ मध्ये स्मृतिशिला उभारल्या आहेत. गेलेल्या व्यक्तींशी नाते असलेल्या ठिकाणांहून आणलेले ते दगड आहेत आणि भोवती उंच दिवे आहेत. घाईत असाल तर शेजारून निघून जाल आणि लक्षातही येणार नाही, म्हणून जरा थांबून शोधा. हाताशी वेळ असेल तर मुलांच्या संग्रहालयाजवळ त्या आठ वर्षांच्या मुलाच्या नावाचे उद्यान आहे, तेथेही जाऊन या. तेथे मुले झोक्यांवर खेळत असतात.

आता उताराविषयी. पहिले आठ किलोमीटर तुमच्या ठरवलेल्या गतीपेक्षा प्रत्येक किलोमीटरला आठ-दहा सेकंद सावकाश धावा, आजूबाजूचे सगळे पुढे गेले तरी. सरावात आठवड्यातून एकदा उतारावरून सलग धावण्याचा प्रयत्न करा. येऊरचा रस्ता त्यासाठी चांगला आहे, वर चालत जा आणि खाली धावत या. न्यूटनच्या चढांवर घड्याळाकडे पाहू नका. आणि सुरुवातीच्या गावांमध्ये मुलांनी हात पुढे केले तर टाळी जरूर द्या, फक्त त्यासाठी रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला पळू नका. मी तसे केले आणि माझे अंतर विनाकारण वाढले. वृत्तांत मात्र येथेच लिहा, आम्ही वाट पाहू.